नाताळ न आवडण्याची परंपरा

इंग्रजीत नाताळ न आवडणाऱ्या माणसासाठी 'स्क्रूज' हे एक तयार दूषण आहे. चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरल' ही दीर्घकथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील एबनीझर स्क्रूज हा कवडीचुंबक व्यापारी लोकांच्या तोंडी इतका बसला की, त्याचे नाव पुढे सामान्यनामच होऊन गेले. या नावाने एक समज मात्र घट्ट केला, तो असा की ज्याला नाताळ नको वाटतो तो मनाने कोता, पैशाला चिकटलेला आणि माणसांना दूर ठेवणारा असणार. ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांचा इतिहास पाहिला, तर नाताळाबद्दल नाराजी असलेल्यांत चिक्कू माणसे फारशी आढळत नाहीत. आढळतात ते कमालीचे श्रद्धाळू ख्रिस्ती, दुकानांत राबणाऱ्या मुली, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, स्वयंपाकघरात अडकलेल्या गृहिणी आणि घरातले माणूस नुकतेच गमावलेले लोक. त्यांच्या तक्रारी एकमेकींशी जुळत नाहीत, पण बहुतेकांच्या मुळाशी खुद्द सणाचा राग नसून, त्यातून अंग काढून घ्यायला वाट नसल्याची अडचण आहे, असे बारकाईने पाहिल्यावर दिसते.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये नाताळाला जो विरोध झाला तो धर्माच्याच नावाने झाला. प्युरिटन, म्हणजे रोमन कॅथलिक वळणाच्या साऱ्या प्रथा काढून टाकून चर्चला 'शुद्ध' करू पाहणारे प्रोटेस्टंट, ज्याला बायबलचा आधार नाही ते ख्रिस्ती आचारात नसावे असे मानत, आणि नाताळाच्या बाबतीत हा आधार खरोखरच लंगडा होता. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेली दिसते आणि इ. स. ३५४ मधील एका पंचांगवजा रोमन संग्रहात तिची नोंद सापडते. त्याच सुमारास, डिसेंबरच्या उत्तरार्धात, रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा उत्सव येत असे, ज्यात काही दिवसांपुरते धनी आणि गुलाम यांचे नाते उलटेपालटे केले जाई. ख्रिस्ताचे नाव लावून तोच जुना धिंगाणा चालू आहे, असे प्युरिटनांचे म्हणणे होते, आणि या सणाच्या इंग्रजी नावाच्या शेवटी 'मास' हा कॅथलिक उपासनेचा शब्द चिकटलेला असल्याने त्यांना तेही खुपत असे.

त्या काळचा नाताळ कसा होता हे लक्षात घेतले, तर हा विरोध केवळ शब्दच्छलाचा नव्हता हे कळते. २५ डिसेंबरपासून बारा दिवस शेतीची कामे थंडावलेली असत, ताजी दारू तयार असे, जनावरे कापलेली असत, आणि गावातले गरीब लोक टोळ्यांनी जमीनदाराच्या दारात जाऊन गाणी म्हणत खाणेपिणे मागत. 'वॅसेलिंग' नावाची ही प्रथा भिक्षेची नव्हती. ते वर्षातून एकदा वसूल करायचे हक्काचे देणे होते आणि ते नाकारणाऱ्याची शोभा होत असे. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर पोस्त मागण्याची शिमग्यातली रीत आठवावी. तेव्हाचा नाताळ दिवाळीपेक्षा शिमग्याच्या जातकुळीचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

१६४४ साली २५ डिसेंबर हा दिवस पार्लमेंटने ठरवलेल्या मासिक उपवासाच्या बुधवारी आला, तेव्हा पार्लमेंटने सणाऐवजी उपवासच पाळावा असे फर्मावले आणि जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आदी सण रद्द करणारा वटहुकूम काढला. ही बंदी ऑलिव्हर क्रॉमवेल याने घातली असे सर्रास सांगितले जाते, परंतु तो राष्ट्रप्रमुख झाला १६५३ मध्ये, म्हणजे बंदी आल्यावर सहा वर्षांनी. लोकांनी ती निमूटपणे मानली असेही झाले नाही. डिसेंबर १६४७ मध्ये कँटरबरी शहरात नाताळाच्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या महापौराविरुद्ध दंगल उसळली आणि तिचे पडसाद पुढच्या वर्षीच्या केंट परगण्यातील उठावात उमटले. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर हे सगळे निर्बंध आपोआप निकालात निघाले.

अटलांटिकच्या पलीकडे मात्र प्युरिटनांचेच राज्य होते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये केलेल्या कायद्यानुसार काम बंद ठेवून, मेजवानी करून किंवा अन्य प्रकारे नाताळ साजरा करताना सापडलेल्या व्यक्तीला पाच शिलिंग दंड होत असे. हा कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला, तरी त्यामागची मनोवृत्ती न्यू इंग्लंड प्रदेशात पुढेही दीर्घकाळ टिकली. स्कॉटलंडमध्ये तर प्रेस्बिटेरियन चर्चच्या प्रभावाने नाताळ इतका मागे पडला की २५ डिसेंबर ही तिथली सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ मध्ये. महाराष्ट्रात प्रोटेस्टंट धर्मप्रसाराचे आणि शिक्षणाचे काम ज्यांनी सुरू केले, ते १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, यांच्या मागे नेमक्या याच दोन परंपरा उभ्या होत्या, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मराठीतला 'नाताळ' हा शब्द त्यांनी दिलेला नाही. तो जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज 'नाताल'वरून, म्हणजे गोवा आणि वसईच्या कॅथलिक बाजूने आलेला आहे.

आज ज्याला 'पारंपरिक' म्हटले जाते तो नाताळ एकोणिसाव्या शतकातला आहे. स्टीफन निसेनबाम या अमेरिकन इतिहासकाराने 'द बॅटल फॉर ख्रिसमस' (१९९६) या ग्रंथात याची उकल केली आहे. न्यूयॉर्कसारखी शहरे वाढू लागली तेव्हा दारी येणारे गरीब आता ओळखीचे उरले नाहीत, हिवाळ्यात काम नसलेले तरुण घोळक्यांनी ढोल बडवत रस्त्यांवर फिरू लागले आणि सुखवस्तू कुटुंबांना या सणाची भीती वाटू लागली. मग सण रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यात आणला गेला, आणि देणे घेणाऱ्याच्या जागी दारातला गरीब जाऊन घरातले मूल आले. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील वृत्तपत्रात निनावी छापून आलेल्या एका कवितेने सेंट निकोलसला धुराड्यातून उतरून मुलांना खेळणी देणारा गुबगुबीत म्हातारा बनवले. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापले आणि जर्मन रिवाजाचे ते झाड इंग्रजी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले. सण सभ्य झाला, पण त्याची किंमत अशी की तो आता कुटुंबाच्या सुखाची परीक्षा होऊन बसला. बारा दिवसांच्या हुल्लडीत कोणी सामील झाला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नसे; आठ माणसांच्या जेवणाच्या टेबलावरची एक रिकामी खुर्ची मात्र सगळ्यांना दिसते.

भेटवस्तूंची सक्ती ही या बदलाची थेट संतती होय. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग', म्हणजे निरर्थक देणी बंद करणारी संस्था, निघाली आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे सभासद 'स्पग' म्हणून ओळखले जाऊ लागले. एलिनॉर बेलमाँट आणि बँकर जे. पी. मॉर्गन यांची कन्या अ‍ॅन मॉर्गन या तिच्या संस्थापकांपैकी होत्या. या दोघी धनाढ्य होत्या खऱ्या, पण त्यांनी हाती घेतलेली तक्रार दुकानांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची होती: वर्षभर सुट्टीसाठी पै-पै साठवायची आणि डिसेंबर आला की वरच्या अधिकाऱ्याच्या भेटीसाठी निघणाऱ्या वर्गणीत ती घालायची, कारण नाही म्हणणे नोकरीच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही 'स्पग' झाले. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापणाऱ्या मराठी समाजाला या संस्थेचा हेतू समजावून सांगण्याची गरज नाही, आणि अशा विनंतीचे पुढे काय होते हेही त्याला ठाऊक आहे. काही वर्षांत ती संस्था विरून गेली.

भेट नाकारणे इतके अवघड का, याचे उत्तर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भेटवस्तूंवरील निबंधात दिले होते. त्यांच्या मते भेट ही वरकरणी ऐच्छिक दिसली, तरी तिच्यात तीन बंधने गुंफलेली असतात: देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे, यांपैकी एकही मोडले तर नाते मोडते. बाजाराला हे शास्त्र वाचावे लागले नाही. १९३९ मध्ये अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगचा गुरुवार नोव्हेंबरच्या ३० तारखेला येत होता आणि नाताळाची खरेदी त्यानंतर सुरू करण्याचा संकेत असल्यामुळे हंगाम तोकडा पडेल अशी ओरड दुकानदारांनी केली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो सणच एक आठवडा अलीकडे ओढला. अनेक राज्यांनी हे मानले नाही, तीन वर्षे देशात दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाली, आणि अखेर १९४१ मध्ये नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने निश्चित करण्यात आला. दुकानांत गाणी वाजू लागतात, दिवे लागतात आणि 'अमुक दिवस उरले'च्या पाट्या झळकू लागतात तो दोन महिन्यांचा हंगाम अशा निर्णयांतून घडलेला आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी या व्यवहाराचा हिशेब मांडला तो १९९३ मध्ये. जोएल वॉल्डफोगेल यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारल्या: मिळालेल्या भेटीला देणाऱ्याने किती पैसे मोजले असावेत, आणि भावनिक मोल बाजूला ठेवून ती वस्तू त्यांना स्वतःला किती डॉलरची वाटते. दोन आकड्यांमधील तफावत किमतीच्या एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत निघाली. देणाऱ्याच्या खिशातून गेलेला पण घेणाऱ्याच्या पदरात न पडलेला हा पैसा अर्थशास्त्रात 'डेडवेट लॉस', म्हणजे कोणाच्याच कामी न येणारा निखळ तोटा, म्हणून ओळखला जातो. मित्रांच्या भेटींत तो सर्वांत कमी होता आणि काका-आत्या, आजी-आजोबा अशा लांबून पाहणाऱ्या आप्तांच्या भेटींत जास्त. त्यातल्या त्यात आजी-आजोबा रोख पैसे देण्याची शक्यता अधिक होती, यावरून त्यांना हे शास्त्र आधीपासून उमगलेले असावे. भावनिक मोल वगळल्यावर भेटीत उरतेच काय, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला गेला आणि १९९६ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी वेगळ्या प्रश्नांच्या आधारे नेमका उलटा निष्कर्ष काढला; परंतु नको असलेला स्वेटर हसून स्वीकारण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला वॉल्डफोगेल यांचे म्हणणे पटते.

पैशापेक्षा कमी मोजली जाणारी गोष्ट म्हणजे श्रम. मिकेला डी लिओनार्डो या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने १९८७ मध्ये, कॅलिफोर्नियातील इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून, 'किन वर्क' अशी संज्ञा मांडली. नाती टिकवण्यासाठी करावे लागणारे काम, असा तिचा अर्थ. कोणाला कार्ड पाठवायचे, कोणाला जेवायला बोलवायचे, कोणाच्या मुलासाठी काय घ्यायचे आणि कोणती दोन माणसे शेजारी बसवायची नाहीत, हे सगळे लक्षात ठेवणे म्हणजे काम आहे आणि ते जवळजवळ संपूर्णपणे स्त्रिया करतात, नवऱ्याकडच्या नातेवाइकांसाठीसुद्धा, असे त्यांनी दाखवून दिले. पाहुण्यांसाठी जी सुट्टी असते तो घरातल्या बाईचा वर्षातला सर्वांत कष्टाचा आठवडा असतो, आणि तो आनंदाने केला असे दिसणे हाही त्या कामाचाच भाग असतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानातील परिचारिकांच्या हसतमुखपणाला 'भावनिक श्रम' असे नाव १९८३ मध्ये दिले होते. ते हसू पगारी होते एवढाच काय तो फरक. आयर्लंडमध्ये, विशेषतः कॉर्क आणि केरी या भागांत, ६ जानेवारीला 'बायकांचा नाताळ' पाळण्याची जुनी रीत आहे, ज्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी एकमेकींकडे किंवा बाहेर जाऊन निवांत बसायचे. ज्या समाजाने ही रीत काढली, त्याला आदल्या बारा दिवसांत काय घडते याची पुरती जाणीव होती, एवढे नक्की.

या साऱ्याचा शरीरावर होणारा परिणामही नोंदला गेला आहे. स्वीडनमधील हृदयविकाराच्या राष्ट्रीय नोंदवहीतील १९९८ ते २०१३ या काळातील झटक्यांचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २४ डिसेंबरला, जो स्वीडनमध्ये नाताळाचा मुख्य दिवस असतो, हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त आढळले आणि रात्री दहाच्या सुमारास ते शिखरावर होते. जड जेवण, मद्य, प्रवास, राग, दुःख यांपैकी नेमके कारण कोणते हे अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. दुसरीकडे, नाताळात आत्महत्या वाढतात हा वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे फिरणारा समज अमेरिकेच्या आकडेवारीत टिकत नाही, कारण तेथे डिसेंबर हा आत्महत्यांचे प्रमाण सर्वांत कमी असणाऱ्या महिन्यांपैकी आहे. उदास वाटणे खरे आहे, पण त्याचा काही भाग सणाचा नसून सूर्याचा आहे: २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत सुमारे ११ तास दिवस असतो, तर लंडनमध्ये आठ तासही नाही. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह वर्णन केलेला ऋतुजन्य नैराश्याचा विकार, ज्यात दिवस लहान झाले की झोप, भूक आणि मरगळ वाढते, हिवाळ्याच्या या महिन्यांत जोर धरतो आणि त्यावर सकाळी प्रखर दिव्यासमोर बसण्याचा उपचार केला जातो. झाडावरच्या दिव्यांनी ते काम होत नाही.

सर्वांत खोल तक्रार शोकाची आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये घरात मृत्यू झाला की काळे कपडे, काळ्या कडांचा पत्रकागद आणि ठरावीक महिने समारंभांपासून दूर राहणे यांचे सविस्तर नियम होते. पहिल्या महायुद्धात इतकी माणसे मेली की ते नियम पाळणे अशक्य झाले, आणि १९६५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक जेफ्री गोरर यांनी असे दाखवले की तेथील समाजाकडे शोक करण्याची पद्धतच उरलेली नाही. मराठी हिंदू घरात वर्षभराच्या आत कोणी गेले असेल, तर दिवाळीला फराळ केला जात नाही, आकाशकंदील लागत नाही, शेजारी आणि नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात आणि त्या घराकडून आनंदाची अपेक्षा कोणी करीत नाही. रूढी जाचक असतात तशा कधी कधी सवलतही देतात. इंग्रजी जगात ही सवलत नाहीशी झाली ती नेमकी नाताळाचा हंगाम लांबत चालला असतानाच. विधुराला, घटस्फोटितेला, मूल गमावलेल्या आईबापांना दुकानातला मुलगाही 'मेरी ख्रिसमस' म्हणतो आणि त्यांना हसून परतफेड करावी लागते. अलीकडच्या दशकांत अनेक चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास 'ब्लू ख्रिसमस' किंवा 'सर्वांत मोठी रात्र' या नावाची वेगळी उपासना होऊ लागली आहे, ज्यात दिवे मंद असतात, गाणी थोडी आणि हळू असतात, गेलेल्यांसाठी मेणबत्ती लावता येते आणि कोणी कोणाला आनंदी राहण्यास सांगत नाही. नाताळाला नाही म्हणण्याची जागा अखेर चर्चनेच करून दिली, हे प्युरिटनांना रुचले असते की नाही कोण जाणे.

ज्यांचा हा सण मुळातच नाही, त्यांचे दुखणे निराळे आहे. अमेरिकेतील ज्यू समाजात याला 'डिसेंबरचा पेच' म्हणतात: मुलांना शाळेत नाताळाची गाणी म्हणू द्यावीत की नाही, घरात झाड आणावे की नाही, आणि नगरपालिकेने सरकारी खर्चाने येशूजन्माचा देखावा मांडला तर तक्रार करावी की गप्प बसावे. हा शेवटचा प्रश्न ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहरातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो देखावा वैध ठरला. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा पेच इतका टोचत नसावा, कारण त्यांच्या वाट्याला नाताळ येतो तो सुट्टी आणि रोषणाई घेऊन. मानपान आणि फराळ यांचा भार त्यांनी दिवाळीला आधीच उचललेला असतो.

नाताळाच्या सर्वाधिक खपलेल्या गाण्याचा कर्ताही ज्यूच होता. इरव्हिंग बर्लिन यांचे 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणे १९४२ मध्ये 'हॉलिडे इन' या चित्रपटातून बिंग क्रॉस्बी यांच्या आवाजात आले आणि त्याच्या पाच कोटींहून अधिक तबकड्या खपल्या असे मानले जाते. बर्लिन दांपत्याचा एकुलता एक मुलगा २५ डिसेंबर १९२८ रोजी, जेमतेम तीन आठवड्यांचा असताना वारला होता. तरीही तीन मुलींसाठी त्या घरात दरवर्षी झाड आले, भेटी आल्या, सगळे साग्रसंगीत झाले. मुली मोठ्या होऊन गेल्यावर ते बंद पडले; आणि आपल्या दोघांनाही नाताळ कधीच सोसत नव्हता, केला तो तुमच्यापायी, असे आईने पुष्कळ वर्षांनंतर सहज बोलता बोलता सांगितल्याचे थोरल्या मुलीने वडिलांवरील आपल्या पुस्तकात नमूद केले आहे.